केकवरचा चॉकलेटचा लेप



आपल्याकडे वाढदिवस म्हणजे औक्षण. पोराला पाटावर बसवायचे, ओवाळायचे, हातावर गोड काही ठेवायचे. घरी शिरा झाला तर दिवाळीच. आता त्यात केक आला आहे. नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला, नवापूरला केक मिळतो. पोरं केक मागतात. त्यात वावगे काही नाही. पाहुणा चांगला असेल तर त्याला घरात घ्यावे. पण तो कोण, कुठला, एवढे विचारून घ्यावे.

केकचे दोन भाग असतात. आतला भाग म्हणजे मैदा, साखर, दूध, तूप यांची भाजलेली मऊ वडी. वरचा भाग म्हणजे लेप. बेकरीवाले त्याला आयसिंग किंवा फ्रॉस्टिंग म्हणतात. आम्ही त्याला सरळ लेपच म्हणू. आतला भाग पुष्कळ बाया आता कुकरात घरी करतात. बेकरीत साधा केकही मिळतो, कागदाच्या वाटीतले लहान कपकेकही मिळतात. पण वरचा लेप मात्र दुकानाचाच लागतो, अशी समजूत आहे. ती खरी नाही. चॉकलेटचा लेप घरी होतो. चूल, पातेले, चाळणी आणि हाताला थोडा जोर असला की पुरे.

घरी का करावा? एक तर पैसा वाचतो. दुसरे, तालुक्याहून आणलेला केक मोटारीत हादरे खात गावी पोचेपर्यंत अर्धी क्रीम खोक्याला लागते. तिसरे कारण सर्वांत मोठे. आपण आपल्या लेकराच्या तोंडात काय घालतो, ते आपल्याला माहीत असते.

कोको म्हणजे काय?

चॉकलेटचा रंग, वास आणि कडवट चव कोकोची असते. कोको हे एका झाडाचे बी आहे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोकडचे जुने लोक या बियांचे पेय करून पीत. बाजारात बियांचा उपयोग पैशासारखाही करीत.

कोकोची फळे फांदीच्या शेंड्याला लागत नाहीत. आपल्या फणसासारखी ती खोडालाच लागतात. फळ फोडले की आत पांढऱ्या गरात बिया असतात. त्या गरासकट ढीग करून केळीच्या पानांखाली पाचसहा दिवस आंबवतात. मोहाची फुले आंबली की वास कसा पालटतो, ते सातपुड्यात कोणाला सांगायला नको. कोकोच्या बियांचेही तसेच होते. आंबवल्यावर त्या वाळवतात, भाजतात, दळतात.

या बियांत तूप फार असते. १८२८ साली हॉलंडात व्हॅन हूटन यांनी ते तूप दाबून काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तूप काढल्यावर जी पेंड उरते, तिची भुकटी म्हणजे कोको पावडर. तेलघाण्यावर शेंगदाण्याची पेंड निघते ना, तसाच हा प्रकार.

आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-सुपारीच्या सावलीत कोको पिकतो. तिकडच्या सुपारी व कोकोच्या शेतकऱ्यांसाठी १९७३ साली मंगळूर येथे कॅम्पको ही सहकारी संस्था निघाली. १९८६ साली या संस्थेचा चॉकलेटचा कारखाना पुत्तूर येथे चालू झाला. म्हणजे चॉकलेट हे काही फक्त साहेबांचे खाणे नव्हे. त्यामागे आपल्यासारख्याच शेतकऱ्याचा घाम आहे.

आधी पाकीट वाचा

मंडळी, तुम्ही अक्षरे शिकलात ती पाटीवर ठेवण्यासाठी नाही. किराणा दुकानात ती कामाला येतात. कोकोचे पाकीट हातात घेतले की पाच गोष्टी पाहाव्या.

१. नाव. पाकिटावर ‘कोको पावडर’ असे असावे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ ही वस्तू निराळी. ती दुधात घालून पिण्याची. तिचा रंग सारखा दिसतो, पण तिच्यात साखर मिसळलेली असते. तिने लेप फिका आणि फार गोड होतो. पैसे चॉकलेटचे जातात आणि घरी येते साखर.

२. घटक. पाकिटात काय काय आहे, ते बारीक अक्षरांत छापलेले असते. जी वस्तू वजनाने सर्वांत जास्त, तिचे नाव पहिले येते. मग उतरत्या क्रमाने बाकीची. पहिले नाव साखरेचे असेल तर ती मुख्यतः साखरच आहे, असे समजावे.

३. तारीख. वस्तू कधी भरली आणि कोठवर वापरावी, हे पाहावे. आकडे तुम्हाला येतात. तारीख उलटून गेली असेल तर पाकीट परत करावे. दुकानदार ओळखीचा असला तरी संकोच करू नये.

४. वजन आणि किंमत. छापील किंमत ही सर्व करांसह असते. तिच्यावर एक रुपयाही जादा देऊ नये.

५. खूण. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर वस्तू शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर तीत अंडे किंवा मांसाहारी पदार्थ आहे.

पाकिटावरचा मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो. मग काय करावे? आकडे आणि खुणा स्वतः पाहाव्या. घटक शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. पोराला विचारण्यात कमीपणा नाही. उलट आई-बाप वाचायला मागतात, हे पाहून पोरही जोमाने शिकते.

आता क्रीमविषयी. बेकरीच्या पुष्कळ केकांवरची पांढरी क्रीम दुधाची नसते. ती वनस्पती तेलापासून कारखान्यात केलेली असते. तेलावर हायड्रोजनची अर्धवट प्रक्रिया करून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. ती हृदयाला घातक आहे. म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात खाण्याच्या तेला-तुपात ही चरबी शंभरात २ भागांहून अधिक असू नये, असा नियम आहे. आपण घरी लेप करू तेव्हा वनस्पती तूप घालूच नये. लोणी घालावे.

वजन निराळे, माप निराळे

शाळेत आम्ही मुलांना एक प्रश्न नेहमी घालीत असू. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? मुले पटकन ‘लोखंड’ म्हणत. दोन्ही सारखेच, हे मागाहून कळे. स्वयंपाकातही असेच फसायला होते. एक वाटी दाणेदार साखर आणि एक वाटी कोको दिसायला सारखी. पण कोकोची वाटी साखरेच्या वाटीच्या निम्म्याहूनही हलकी भरते. म्हणून लेपाचे जिन्नस वजनाने घ्यावे.

घरी काटा नसला तरी अडत नाही. साखर दुकानातून २०० ग्रॅम तोलून आणावी. लोण्याच्या पाकिटावर वजन छापलेले असते, १०० ग्रॅमचे पाकीट घ्यावे. कोकोचे पाकीट ५० ग्रॅमचे असेल तर कागदावर त्याचे पाच सारखे ढीग करावे. एक ढीग १० ग्रॅमचा झाला. तीन ढीग म्हणजे ३० ग्रॅम. झाला की नाही गणिताचा उपयोग?

थंडीतला लेप : लोण्याचा

हा लेप दिवाळीपासून होळीपर्यंत चांगला होतो. एवढ्यात १२ कपकेक किंवा एक लहान केक होतो.

जिन्नस : लोणी १०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, तापवून गार केलेले दूध दोनतीन चमचे, चिमूटभर मीठ.

लोणी घरचे असेल तर उत्तमच. पण ते ताजे असावे. थंड पाण्यात दोनतीनदा धुवावे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे म्हणजे ताकाचा आंबटपणा जातो. मग दाबून पाणी काढून टाकावे. दुकानाचे पिवळे लोणी बहुधा खारे असते. ते घेतले तर वेगळे मीठ घालू नये.

कृती :

१. साखर बारीक दळावी. मिक्सर नसेल तर खलबत्त्यात कुटावी. मग पातळ फडक्यातून वस्त्रगाळ करावी. लोण्यात पाणी थोडे, म्हणून जाडी साखर त्यात विरघळत नाही. ती दातांखाली कचकच लागते. या कामात आळस करू नये.

२. कोकोही चाळून घ्यावा. त्यात गुठळ्या राहू देऊ नये.

३. लोणी मऊ असावे, पातळ नसावे. बोट दाबले तर खड्डा पडावा, एवढे मऊ. चुलीवर वितळवू नये. वितळलेल्या लोण्यात हवा भरत नाही.

४. खोल पातेल्यात लोणी घेऊन लाकडी चमच्याने एकाच दिशेने फेटावे. दहा मिनिटे तरी फेटावे. त्याचा रंग फिका होतो आणि ते फुगते. लेपाचा सगळा हलकेपणा या दहा मिनिटांत आहे. हात दुखला तर घरातल्या दुसऱ्याला द्यावे. बाप्यांनीही हात लावायला हरकत नाही.

५. साखर एकदम ओतू नये. तीनचार वेळा थोडी थोडी घालावी आणि दरवेळी फेटावे. मग कोको घालावा. मीठ घालावे.

६. शेवटी दूध. एका वेळी एकच चमचा. दूध घालता येते, काढता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

७. चमचा उचलून पाहावा. लेप चमच्याला धरून राहिला आणि त्याचे टोक उभे राहिले, की झाला.

बिघडले तर घाबरू नका

लेप पातळ झाला : पातेले परातीतल्या माठाच्या पाण्यात पाव तास ठेवावे, मग पुन्हा फेटावे. तरीही पातळ असेल तर दोन चमचे पिठीसाखर घालावी.

लेप फार घट्ट झाला : चमचाभर दूध घालून फेटावे.

लेप फाटल्यासारखा दाणेदार झाला : दूध किंवा लोणी फार गार होते. धडगाव-तोरणमाळकडे पौषात हे हमखास होते. पातेले कोमट पाण्यावर क्षणभर धरावे आणि फेटत राहावे. लेप पुन्हा एकजीव होतो.

लेप कडू झाला : कोको जास्त पडला. थोडे लोणी आणि साखर वाढवावी.

उन्हाळ्यातला लेप : शिजवलेला

चैत्र-वैशाखात आपल्या तापीकाठी पारा ४० अंशांच्या वर जातो. लोणी तर ३५ अंशांच्या आतबाहेरच वितळते. मग लोण्याचा लेप केकवर राहील कसा? ओघळून ताटात येतो. घरी फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात शिजवलेला लेप करावा. तो स्वस्तही पडतो.

जिन्नस : दूध पाव लिटर, साखर १०० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम, लोणी किंवा साजूक तूप एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ.

कॉर्नफ्लोअर म्हणजे आपल्या भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. नाव मक्याचेच, पण ते मक्याचे पांढरे शुभ्र सत्त्व असते. भाकरीचे पीठ घातले तर लेप न होता पिठले होईल.

कृती : साखर, कोको, कॉर्नफ्लोअर आणि मीठ पातेल्यात एकत्र करावे. त्यात थोडे गार दूध घालून गुठळी न राहील असे कालवावे. उरलेले दूध तापवून त्यात हळूहळू ओतावे. मंद आचेवर ठेवून सारखे ढवळावे. तळाला हात पोचला पाहिजे, नाहीतर करपते. दाट होऊन बुडबुडे आले की आणखी दोन मिनिटे शिजवावे. चमच्याने रेघ ओढली तर ती क्षणभर टिकली पाहिजे. मग खाली उतरवून लोणी घालावे. गार होईपर्यंत अधूनमधून ढवळावे, म्हणजे वर साय धरत नाही.

साखरेऐवजी गूळ चालतो का? चालतो. पण गूळ उकळत्या दुधात घालू नये, दूध फाटते. पातेले उतरवून थोडे निवल्यावर बारीक चिरलेला गूळ घालून ढवळावे.

या लेपात दूध आहे. उन्हाळ्यात तो तीनचार तासांत खाऊन संपवावा. उरला तर दुसऱ्या दिवशी पोरांना देऊ नये. आंबूस वास आला तर चाखूनही पाहू नये.

लेप कसा लावावा?

केक पूर्ण गार झालेला असावा. गरम केकवर कोणताही लेप टिकत नाही. केकवरचा सुटा भुगा हाताने झाडावा. मधोमध लेपाचा गोळा ठेवावा. उलथण्याने किंवा बोथट सुरीने तो कडेकडे पसरावा. भिंत सारवतो तसा हलका हात ठेवावा. आधी पातळ थर द्यावा, पाच मिनिटे थांबून दुसरा द्यावा. म्हणजे भुगा वर येत नाही. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट किंवा खोबऱ्याचा कीस भुरभुरावा. रंगीत गोळ्यांची गरज नाही.

हिशोब

भाव रोज पालटतात. म्हणून आपण ‘समजा’ असे धरू. लोण्याच्या लेपाला लोणी ६० रुपये. कोकोचे ५० ग्रॅमचे पाकीट ७५ रुपये. आपण ३० ग्रॅम वापरला, म्हणजे ४५ रुपयांचा. साखर १० रुपये. दूध २ रुपये. एकूण ११७ रुपये. कपकेक १२. एका कपकेकच्या लेपाला ९ रुपये ७५ पैसे पडले. तुमच्या गावच्या भावाने हा हिशोब वहीत पुन्हा मांडावा.

काही गावांत बचत गटाच्या बाया म्हणतील, हे करून विकले तर? जरूर विकावे. पण खाण्याचे पदार्थ विकायचे तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, मग धंदा लहान का असेना. आणि हिशोबात सरपण, गॅस, आपली मजुरी आणि कागदी वाट्या धराव्या. त्या विसरल्या तर नफा दिसतो, पण हाती लागत नाही.

किती खावा?

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. लेपात साखर २०० ग्रॅम, कपकेक १२. भागाकार करा. एका कपकेकच्या लेपात सुमारे १७ ग्रॅम साखर आली. म्हणजे चहाचे तीन चमचे भरून वर थोडी. आतल्या केकची साखर निराळीच. एका पोराला एका दिवशी एक कपकेक पुष्कळ झाला.

आपल्या जिल्ह्यात बालकांचे कुपोषण हा जुना आणि दुःखाचा प्रश्न आहे. हे लिहिताना आम्ही तो विसरलेलो नाही. म्हणूनच सांगतो, केक हे अन्न नव्हे, तो सण आहे. सण रोज नसतो. पोर रडले की दुकानातून पाच रुपयांचे चॉकलेट आणून देतात. गोडाने पोराची भूक मरते. मग ते भाकरी, डाळ, भाजी खात नाही. पोट भरल्यासारखे दिसते आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन मात्र वाढत नाही. रोजचे पाच रुपये म्हणजे महिन्याचे दीडशे. तेवढ्यात घरात अंडी, शेंगदाणे आणि केळी येतात. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला तर साखरेचे असले पदार्थ देऊच नयेत.

वर्षातून एकदा वाढदिवस यावा. आईने लोणी फेटावे, बापाने पाकीट वाचावे, पोरांनी पातेले चाटावे. औक्षणही करावे आणि केकही कापावा. त्यासाठी कर्ज काढू नये आणि शेजाऱ्याशी चढाओढ करू नये. आपल्या हाताने, वाचून, मोजून केलेल्या गोडाची चव निराळीच असते.

अभ्यास

१. कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट यांत फरक काय?
२. पाकिटावर घटकांची नावे कोणत्या क्रमाने असतात?
३. उन्हाळ्यात लोण्याचा लेप का टिकत नाही?
४. गूळ घालायचा असेल तर तो केव्हा घालावा?
५. घरातले कोणतेही एक पाकीट घ्या. त्यावरची तारीख, वजन आणि किंमत वहीत उतरवा.
६. गणित : १२ कपकेकला लोणी १०० ग्रॅम लागते, तर ३६ कपकेकला किती लागेल?

शब्दार्थ

वस्त्रगाळ – फडक्यातून गाळलेले, अगदी बारीक.
घटक – ज्या वस्तू मिळून एखादा पदार्थ होतो त्या.
सत्त्व – धान्यातून काढलेला पांढरा, बारीक अंश.
एकजीव – पूर्ण मिसळून एक झालेले.